पेपर परत आला आणि फर्मी न्यूट्रॉनच्या नादाला लागला

आत्ता हातात असलेला मोबाईल, तो धरणारी बोटं, शेजारी गार होत चाललेला चहा, हे सगळं ज्या कणांचं बनलंय त्यांना फर्मिऑन म्हणतात. मोबाईलच्या स्क्रीनमधून डोळ्यांपर्यंत जो प्रकाश येतोय, त्याचे कण म्हणजे बोसॉन. आजवर जेवढे म्हणून मूलभूत कण सापडलेत, ते सगळे या दोनपैकी कुठल्या तरी एका जातीत बसतात.

बोसॉन हे नाव आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरून पडलं, हे भारतात बऱ्याच जणांना माहिती असतं. दुसऱ्या जातीचं नाव ज्याच्यावरून पडलं तो होता रोमचा एन्रिको फर्मी. जगातली पहिली अणुभट्टी बांधणारा माणूस अशी त्याची शाळेतल्या पुस्तकात ओळख असते. ती खोटी नाही, पण अर्धवट आहे.

कारण निसर्गातल्या चार मूलभूत बलांपैकी एकाचं गणित सगळ्यात आधी फर्मीने मांडलं होतं. सूर्य आज तापतोय तो या बलाच्या जोरावर. आणि फर्मीचे सहकारी सांगून गेलेत त्याप्रमाणे, तो पेपर एका नामांकित मासिकाने साभार परत पाठवला होता.

एन्रिको जन्मला २९ सप्टेंबर १९०१ ला. वडील रेल्वे खात्यात अधिकारी, आई शाळेत शिक्षिका. मोठी बहीण मारिया, मग भाऊ ज्युलिओ आणि सगळ्यात धाकटा एन्रिको. दोघा भावांत एका वर्षाचंच अंतर होतं, त्यामुळे दोघं चोवीस तास एकत्र. विजेच्या मोटारी बनवायच्या, विमानाच्या इंजिनाची चित्रं काढायची, हाच त्यांचा खेळ.

१९१५ साली ज्युलिओच्या घशात गळू झालं. ऑपरेशन किरकोळ होतं, पण भूल दिली आणि पोरगा शुद्धीवर आलाच नाही. आई त्या धक्क्यातून पुढे कधी नीट सावरली नाही. तेरा वर्षांचा एन्रिको रडताना कुणाला फारसा दिसला नाही. आठवडाभराने तो एकटाच त्या हॉस्पिटलवरून मुद्दाम चालत गेला, आपल्याला ते सहन होतं का हे बघायला. पुढे त्याच्या बायकोने हे लिहून ठेवलं म्हणून कळलं, नाहीतर स्वतःबद्दल असलं काही सांगणारा तो माणूस नव्हता.

भाऊ गेल्यावर त्याला सोबत राहिली ती पुस्तकांची. रोममध्ये काम्पो दे फिओरी नावाचा चौक आहे. १६०० साली ज्योर्दानो ब्रूनोला जिवंत जाळलं तो हाच चौक. तिथे दर बुधवारी जुना बाजार भरायचा. त्या बाजारात एन्रिकोला १८४० साली छापलेलं, नऊशे पानांचं भौतिकशास्त्राचं पुस्तक मिळालं. घरी आणून त्याने ते संपवलं आणि नंतर बहिणीला सांगितलं, की ते लॅटिनमध्ये होतं हे आपल्या लक्षातच आलं नव्हतं.

वडिलांच्या ऑफिसातले एक इंजिनिअर होते, अदोल्फो आमिदेई. या पोराचं डोकं काही साधं नाही हे त्यांनी ओळखलं. ते त्याला एकापाठोपाठ एक गणिताची पुस्तकं देत गेले. पोरगा पुस्तक परत करायचा तेव्हा त्यातली सगळी उदाहरणं सोडवून झालेली असायची. पिसाला जाऊन नामांकित स्कुओला नोर्माले सुपेरिओरेची प्रवेश परीक्षा दे, हा सल्लाही त्यांचाच.

१९१८ च्या त्या परीक्षेत आवाजाच्या गुणधर्मांवर निबंध होता. सतरा वर्षांच्या फर्मीने कंप पावणाऱ्या दांड्याचं असं काही गणित मांडलं, की परीक्षकाने त्याला मुद्दाम बोलावून घेतलं. इतकं चांगलं उत्तर त्याने कधी पाहिलं नव्हतं. पिसामध्ये तर उलटंच झालं. तिथले प्राध्यापक या विद्यार्थ्याकडून सापेक्षतावाद समजून घ्यायचे. बाकी वेळ फर्मी आणि त्याचा दोस्त फ्रांको रासेत्ती वात्रटपणा करण्यात घालवायचे. एकदा वर्गात घाण वासाचा बॉम्ब फोडला म्हणून दोघांना काढून टाकायची वेळ आली होती.

डॉक्टरेट झाल्यावर फर्मी गोटिंगेन आणि लायडनला जाऊन आला आणि फ्लॉरेन्समध्ये शिकवायला लागला. रासेत्तीही तिथेच होता. दोघं गवतात तासन् तास पालथे पडून रेशमी दोऱ्याच्या फासात पाली पकडायचे आणि जेवणाच्या खोलीत सोडायचे. का, तर तिथे वाढणाऱ्या मुली किंचाळाव्यात म्हणून. त्याची बायको सांगते की एका बाजूला पालीची वाट बघत असताना दुसऱ्या बाजूला फर्मीच्या डोक्यात एक कोडं फिरत असायचं.

कोडं असं. वोल्फगांग पाउलीने १९२५ साली सांगितलं होतं, की अणूमध्ये एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन राहू शकतो. फर्मीने विचार केला, हाच नियम वायूच्या कणांना लावला तर?

हे समजायला एसटी आणि लोकल डोळ्यांसमोर आणावी. रिझर्वेशनच्या एसटीत एका सीटवर एकच माणूस बसतो, दुसरा आला तर त्याला पुढची सीट बघावी लागते. फर्मीचे कण असे. लोकलच्या डब्यात दारात जितके मावतील तितके आणि त्यावर आणखी चार, हे बोस यांचे कण. बोस यांनी ढाक्याला असताना १९२४ मध्ये प्रकाशाच्या कणांची मोजणी कशी करायची ते सांगितलं होतं. दोन वर्षांनी फर्मीने इलेक्ट्रॉनसारख्या कणांची मोजणी सांगितली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पॉल डिरॅकही स्वतंत्रपणे तिथेच पोचला. पण कणांच्या या जातीला फर्मिऑन हे नाव दिलं ते डिरॅकनेच, स्वतःचं नाव बाजूला ठेवून.

धातूतून वीज कशी वाहते, सेमीकंडक्टर कसा चालतो, विझत आलेला तारा स्वतःच्या वजनाखाली का चिरडला जात नाही, हे सगळं या एसटीच्या नियमाने सुटलं. ताऱ्याला सावरणाऱ्या या नियमालाही एक मर्यादा आहे, हे पुढे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी मांडलं.

फर्मी रोमला प्रोफेसर झाला तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांचा होता. रोमच्या व्हिया पानिस्पेर्ना नावाच्या रस्त्यावर भौतिकशास्त्राची इमारत होती. तिथे त्याच्याभोवती पोरांची एक टोळी जमली. रासेत्ती, एमिलिओ सेग्रे, एदोआर्दो अमाल्दी, ब्रूनो पाँतेकोर्वो आणि विलक्षण बुद्धीचा, विलक्षण अबोल एत्तोरे मायोराना. फर्मी कधी चुकत नाही म्हणून त्याला पोरांनी पोप म्हणायला सुरुवात केली. रासेत्ती त्याचा कार्डिनल.

मुंबईचे होमी भाभा केंब्रिजहून शिष्यवृत्तीवर युरोपभर फिरले, तेव्हा झ्युरिचला पाउलीकडे आणि रोमला फर्मीकडे काम करून आले. ते याच काळात.

१९२८ मध्ये फर्मीचं लॉरा कापोनशी लग्न झालं. लॉरा ज्यू होती, तिचे वडील इटलीच्या नौदलात अ‍ॅडमिरल. तेव्हा या गोष्टीला इटलीत कुणी महत्त्व देत नव्हतं. पुढच्याच वर्षी मुसोलिनीने नव्या अकादमीत फर्मीची नेमणूक केली. पगार वाढला, नावामागे महामहीम लागलं. फर्मी फॅसिस्ट पक्षाचा सदस्यही झाला. राजकारणात त्याला रस नव्हता आणि राजकारणाकडे बघायची इच्छाही नव्हती. ही त्याची बाजू फारशी सांगितली जात नाही, पण ती होती.

आता तो पेपर.

काही किरणोत्सर्गी पदार्थांच्या केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. याला बीटा क्षय म्हणतात. भानगड अशी होती की त्यात ऊर्जेचा हिशोब जुळत नव्हता. आधी जेवढी ऊर्जा होती, तेवढी नंतर सापडत नव्हती. शिवाय दर वेळी तूट वेगळी. दुकानाच्या गल्ल्यात रोज वेगवेगळी रक्कम कमी भरावी तसं. नील्स बोरसारखा मोठा माणूसही म्हणायला लागला होता, की कदाचित अणूच्या आत ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम लागू नसेल.

डिसेंबर १९३० मध्ये पाउलीने एका पत्रातून सुचवलं, की गल्ल्यातून पैसे नेणारा कुणीतरी आहे, फक्त तो दिसत नाही. विजेचा भार नसलेला, जवळपास वजन नसलेला एक कण. पाउलीला स्वतःलाच हे इतकं धाडसाचं वाटत होतं की त्याने ते छापलं नाही. पुढे रोमच्या टोळीने या कणाचं बारसं केलं. इटालियनमध्ये नावाला शेवटी ईनो लावलं की लाडाचा, छोटासा असा अर्थ होतो. म्हणून न्यूट्रिनो, म्हणजे छोटुकला न्यूट्रल.

१९३३ च्या शेवटी फर्मीने हे सगळं एका गणितात बांधलं. तोपर्यंत लोकांना वाटायचं, केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर येतो म्हणजे तो आधीपासून आत असणार. फर्मी म्हणाला, तसं नाही. टाळी वाजली की आवाज येतो, म्हणून आवाज काही तळहातात साठवलेला नसतो. तसंच केंद्रकातला न्यूट्रॉन प्रोटॉनमध्ये बदलतो आणि त्याच क्षणी इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो नव्याने जन्माला येतात.

हा बदल घडवून आणतं कोण? गुरुत्वाकर्षण नाही, वीज आणि चुंबकाचं बलही नाही. म्हणजे तिसरंच काहीतरी. फर्मीने त्याची ताकद किती हे सांगणारा एक आकडा समीकरणात घातला. तो आकडा भलताच लहान निघाला, म्हणून या बलाला नाव पडलं क्षीण बल.

नाव क्षीण असलं तरी काम मोठं. सूर्याच्या पोटात दोन प्रोटॉन एकत्र येतात, तेव्हा त्यातल्या एकाला न्यूट्रॉन व्हावं लागतं, आणि ते काम फक्त हे बल करतं. ते इतकं सावकाश करतं की एखाद्या प्रोटॉनला आपली पाळी यायला सरासरी अब्जावधी वर्षं लागतात. सूर्य एका झटक्यात न उडता साडेचार अब्ज वर्षं शांतपणे जळतोय तो या संथपणामुळे.

१९३३ च्या नाताळात टोळी आल्प्समध्ये स्कीइंगला गेली होती. फर्मी दिवसभर बर्फावर आपटून अंग ठेचून घेऊन आला होता, त्याला नीट बसताही येत नव्हतं. हॉटेलच्या खोलीत एकाच पलंगावर सगळे दाटीवाटीने बसले आणि त्याने त्यांना हा पेपर समजावून सांगितला. सेग्रे लिहितो, की आपण आयुष्यात केलेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे, लोक आपल्याला यासाठी लक्षात ठेवतील, असं फर्मीला तेव्हाच वाटत होतं.

पेपर इंग्लंडच्या नेचरकडे गेला. तिथून परत आला. कारण असं सांगितलं जातं, की त्यातल्या कल्पना वास्तवापासून फार लांबच्या होत्या आणि वाचकांना त्यात रस वाटला नसता. मग फर्मीने तो १९३४ मध्ये इटालियन आणि जर्मन भाषेत छापला. जपानमध्ये हिदेकी युकावाने तो वाचला आणि केंद्रकाला बांधून ठेवणाऱ्या प्रबळ बलाचा विचार करताना त्याला त्यातून दिशा मिळाली. म्हणजे चारपैकी दोन बलांची मुळं या परत आलेल्या कागदांत सापडतात.

रासेत्तीच्या सांगण्यानुसार फर्मी या नकाराने इतका खट्टू झाला, की काही दिवस कागद-पेन्सिल बाजूला ठेवून प्रयोग करायचं त्याने ठरवलं. दुसरंही निमित्त होतंच. जानेवारी १९३४ मध्ये पॅरिसमध्ये जोलिओ-क्युरी दांपत्याने अल्फा कणांचा मारा करून कृत्रिम किरणोत्सर्ग तयार केल्याची बातमी आली. फर्मीला वाटलं, अल्फा कणावर धन भार असतो, त्याला केंद्रक ढकलून देतं. न्यूट्रॉनवर भारच नाही, तो आत सहज घुसेल.

साधनं सगळी घरगुती. गायगर काउंटर स्वतः बनवलेले. न्यूट्रॉन मिळवायला रेडियमपासून निघणारा रेडॉन वायू लागायचा. तो त्याच इमारतीतल्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेतून मिळायचा, म्हणून तिथल्या त्राबाक्कींना पोरांनी दैवी कृपा असं नाव ठेवलं होतं.

फर्मी हायड्रोजनपासून सुरुवात करून एकेक मूलद्रव्य ओळीने घेत गेला. एकामागून एक फुकट गेली. फ्लोरिनपर्यंत आला आणि काउंटर टकटक करायला लागला. काही नमुन्यांचा किरणोत्सर्ग मिनिटाच्या आत संपायचा, आणि मारा व्हायचा व्हरांड्याच्या एका टोकाला, काउंटर दुसऱ्या टोकाला. त्यामुळे फर्मी आणि अमाल्दी मळके कोट घालून नमुना हातात घेऊन व्हरांड्यात धूम पळायचे. महामहीम फर्मींना भेटायला काळा सूट घालून आलेला एक स्पॅनिश पाहुणा हे बघून चक्रावला होता.

२२ ऑक्टोबर १९३४. गेले काही दिवस प्रयोगात विचित्र प्रकार घडत होता. लाकडी टेबलावर ठेवलेला नमुना संगमरवरी टेबलावरच्यापेक्षा जास्त किरणोत्सर्गी व्हायचा. त्या सकाळी फर्मी मध्ये शिशाचा तुकडा ठेवणार होता. तो तुकडा नीट कापून घेण्यात त्याने उगाच वेळ काढला आणि शेवटी शिसं न ठेवता पॅराफिन, म्हणजे मेणाचा ठोकळा ठेवला. का, ते त्याला स्वतःलाही पुढे सांगता आलं नाही. काउंटर वेड्यासारखा वाजायला लागला.

दुपारच्या जेवणापर्यंत उत्तर त्याच्याकडे होतं. गोटी गोटीवर आपटली की पहिली तिथेच थांबते, कारण दोघींचं वजन सारखं. पण तीच गोटी दगडी पाट्यावर आपटली तर तेवढ्याच वेगाने परत येते. मेणात हायड्रोजन भरपूर असतो आणि त्याचं केंद्रक न्यूट्रॉनच्याच वजनाचं. त्यावर आपटत आपटत न्यूट्रॉन मंद होतो, आणि मंद न्यूट्रॉन दुसऱ्या केंद्रकात शोषला जायची शक्यता कितीतरी वाढते. लाकडातही हायड्रोजन आहे, संगमरवरात नाही.

पाण्यातही आहे. मग टोळी मागच्या बागेतल्या सोनेरी माशांच्या हौदात नमुना बुडवायला गेली. तिथेही तेच. त्या रात्री अमाल्दीच्या घरी सगळे एकदम बोलत, ओरडत, येरझाऱ्या घालत अहवाल लिहून घेत होते. पाहुणे प्यायलेत का, असं घरच्या मोलकरणीने दुसऱ्या दिवशी विचारलं. आजही जगातल्या बहुतेक अणुभट्ट्या न्यूट्रॉन मंद करूनच चालतात.

याच वर्षात त्यांच्या हातून एक मोठी गोष्ट निसटली होती.

युरेनियमवर न्यूट्रॉन मारल्यावर काही अनोळखी पदार्थ तयार झाले. फर्मीला वाटलं, ही युरेनियमच्या पुढची, ९३ आणि ९४ क्रमांकाची नवी मूलद्रव्यं असावीत. त्याला खात्री नव्हती. पण संस्थेचे प्रमुख कोर्बिनो यांनी राजासमोरच्या भाषणात ते जाहीर करून टाकलं. फॅसिस्ट वर्तमानपत्रांनी इटलीचा विजय म्हणून डंका पिटला. एका पेपरने तर फर्मीने राणीला ९३ नंबरच्या मूलद्रव्याची कुपी भेट दिली असंही छापलं. फर्मीची झोप उडाली होती.

जर्मनीत इडा नोडाक नावाच्या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी त्याच वर्षी लिहिलं, की केंद्रकाचे मोठे तुकडेही पडले असतील, ते आधी तपासा. कुणी मनावर घेतलं नाही. नंतर रोममधल्या एका प्रयोगात युरेनियमचे स्वतःचे अल्फा कण मोजणीत येऊ नयेत म्हणून वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा लावला गेला. केंद्रक फुटल्यावर उडणारे तुकडेही त्या पत्र्यात अडकले. पत्रा नसता तर काउंटरने मोठा ठोका दिला असता आणि केंद्रकाचं विखंडन फर्मीच्या टोळीला तेव्हाच दिसलं असतं.

इथे जरा थांबायला हवं. तेव्हा रोममध्ये मुसोलिनी होता आणि बर्लिनमध्ये हिटलर. अमेरिकेला या विषयात काडीचा रस नव्हता. १९३४-३५ मध्ये विखंडन सापडलं असतं, तर बॉम्बची शर्यत चार वर्षं आधी आणि भलत्याच हातांत सुरू झाली असती. ती शर्यत कुणी जिंकली असती हे सांगता येत नाही, पण फर्मीची सगळ्यात महागडी चूक जगाला स्वस्तात पडली असं म्हणायला जागा आहे.

१९३८ मध्ये टोळी फुटली. मायोराना मार्च महिन्यात पालेर्मोहून निघालेल्या बोटीनंतर जो गायब झाला तो झालाच. इटलीत हिटलरच्या धर्तीवर ज्यूंविरोधी कायदे यायला लागले. लॉरा ज्यू. मुलं दोन, नेला आणि दोन वर्षांचा ज्युलिओ. मुलाला फर्मीने गेलेल्या भावाचं नाव ठेवलं होतं. आता निघायला हवं, हे राजकारणात रस नसलेल्या माणसालाही कळलं.

१० नोव्हेंबरला सकाळी निरोप आला, की संध्याकाळी सहाला स्टॉकहोमहून फोन येईल. पैसे देशाबाहेर नेता येणार नव्हते, म्हणून नवरा-बायकोने दिवसभर फिरून महागडी घड्याळं विकत घेतली. संध्याकाळी फोनची वाट बघत असताना रेडिओवर नवे कायदे वाचून दाखवले जात होते. ज्यू मुलांना सरकारी शाळा बंद, ज्यू शिक्षक बडतर्फ, पासपोर्ट काढून घेणार. मग फोन वाजला. नोबेल एकट्या फर्मीला.

१० डिसेंबरला त्याने राजाकडून पदक घेतलं, हस्तांदोलन केलं. फॅसिस्ट सलाम ठोकला नाही म्हणून इटलीतली वर्तमानपत्रं चिडली. फर्मी कुटुंब स्टॉकहोमहून रोमला परतलंच नाही. २ जानेवारी १९३९ ला त्यांची बोट न्यूयॉर्कला लागली. लॉराचे वडील मात्र रोममध्येच राहिले. नौदलातल्या जुन्या अधिकाऱ्याला कोण हात लावणार, असं त्यांना वाटत होतं. १९४३ मध्ये नाझींनी त्यांना पकडून आउशविट्झला नेलं. ते परत आले नाहीत.

फर्मी स्टॉकहोमला पोचला त्याच महिन्यात बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांना दिसलं, की युरेनियमपासून बेरियम तयार होतंय. म्हणजे केंद्रक फुटतंय. ज्या नव्या मूलद्रव्यांचा नोबेलच्या प्रशस्तीत उल्लेख होता, ते खरं तर फुटलेल्या युरेनियमचे तुकडे होते. फर्मीने छापील व्याख्यानात तळटीप घालून चूक मान्य केली.

पुढचं जगाला माहिती आहे. युरेनियमचं एक केंद्रक फुटताना नवे न्यूट्रॉन निघतात, ते पुढची केंद्रकं फोडतात, म्हणजे साखळी चालू राहू शकते. अमेरिकेने हे काम फर्मीवर सोपवलं. आणि डिसेंबर १९४१ मध्ये इटलीशी युद्ध सुरू झाल्याबरोबर त्याच फर्मीला शत्रुदेशाचा नागरिक ठरवलं. न्यूयॉर्कहून शिकागोला जायला त्याला परवानगी काढावी लागायची. बँकेतले पैसे गोठतील या भीतीने नवरा-बायकोने नोटा शिशाच्या नळीत भरून तळघरात पुरून ठेवल्या होत्या.

शिकागो विद्यापीठाच्या मैदानाच्या स्टँडखाली एक खेळाचं कोर्ट होतं. तिथे ग्रॅफाइटच्या सुमारे ४५ हजार विटांचा ढीग रचला गेला, विटांमध्ये युरेनियम. भर शहरात, थंड करायची सोय नाही, किरणोत्सर्ग अडवायला भिंत नाही. फक्त फर्मीचा हिशोब. वर तीन जण कॅडमियमचं पाणी घेऊन उभे, काही बिघडलं तर ओतायला. एक जण कुऱ्हाड घेऊन, आणीबाणीच्या दांड्याचा दोर तोडायला.

२ डिसेंबर १९४२. नियंत्रणाचा दांडा थोडाथोडा बाहेर ओढला जात होता. दर वेळी काउंटर किती वर जाऊन थांबेल हे फर्मी स्लाइडरूलवर काढून आधीच सांगायचा आणि तो तिथेच थांबायचा. साडेअकराच्या सुमारास सुरक्षेचा दांडा धाडकन आपोआप आत पडला, सगळे दचकले. फर्मीने जेवायची सुट्टी जाहीर केली. दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी काउंटर थांबला नाही, चढतच राहिला. साखळी चालू झाली होती. सगळा मिळून अर्धा वॅट निघाला, त्यात छोटा दिवासुद्धा लागला नसता. युजिन विग्नरने आणलेली कियांतीची बाटली कागदी पेल्यांत वाटली गेली. त्याच संध्याकाळी फर्मीच्या घरी पार्टी होती. येणारा प्रत्येक जण त्याचं अभिनंदन करत होता आणि लॉराला कुणी कारण सांगत नव्हतं.

१६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला बॉम्ब फुटला. सोळा किलोमीटरवर उभ्या असलेल्या फर्मीने कागदाचे कपटे हवेत सोडले. धक्क्याची लाट आली, कपटे अडीच मीटर सरकले, त्यावरून त्याने सांगितलं, दहा हजार टन टीएनटी. खरा आकडा वीस हजारांच्या पुढे होता. कपट्यांच्या मानाने अंदाज वाईट नव्हता.

या स्फोटाच्या महिनाभर आधी चार शास्त्रज्ञांच्या समितीने सरकारला कळवलं होतं, की बॉम्ब प्रत्यक्ष वापरण्यावाचून त्यांना दुसरा मार्ग दिसत नाही. फर्मी त्या चौघांत होता. त्यानंतर हिरोशिमा आणि नागासाकी. १९४९ मध्ये हायड्रोजन बॉम्बचा प्रश्न आला, तेव्हा इझिडोर राबी आणि फर्मीने मिळून ते शस्त्र कुठल्याही बाजूने पाहिलं तरी दुष्टच आहे असं लिहून दिलं. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी तरी तो बनवायचं ठरवलं आणि उन्हाळ्यात लॉस अलामोसला जाऊन फर्मीने त्याच्या गणितात हातभार लावला. या दोन गोष्टींची सांगड त्याने कुणाला घालून दिली नाही.

त्याला मन लागायचं ते शिकागोच्या वर्गात. तिथे चंद्रशेखर त्याचे सहकारी होते, दोघांनी आकाशगंगेतल्या चुंबकीय क्षेत्रांवर मिळून पेपरही लिहिले. चीनहून आलेले दोन विद्यार्थी होते, चेन निंग यांग आणि त्सुंग-दाओ ली. १९५६ मध्ये त्या दोघांनी फर्मीच्याच क्षीण बलाबद्दल शंका काढली, की या बलाला डावं-उजवं सारखं नसावं. ती खरी निघाली आणि १९५७ चं नोबेल त्यांना मिळालं.

ते बघायला फर्मी नव्हता. १९५४ चा उन्हाळा त्याने युरोपात काढला, आल्प्समध्ये पोरांना शिकवलं, पण खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. शिकागोला परतल्यावर ऑक्टोबरमध्ये पोट उघडलं तेव्हा कॅन्सर सगळीकडे पसरलेला निघाला. सेग्रे हॉस्पिटलमध्ये भेटायला गेला, तर फर्मी नळीतून पोटात जाणाऱ्या अन्नाचे थेंब मोजत होता, हातात स्टॉपवॉच. २८ नोव्हेंबरला तो गेला, वय ५३.

जून १९५६ मध्ये पाउलीला अमेरिकेतून तार आली. दक्षिण कॅरोलिनातल्या एका अणुभट्टीशेजारी पाण्याच्या टाक्या ठेवून फ्रेडरिक राइनेस आणि क्लाइड कोवान यांनी न्यूट्रिनो पकडला होता. कण पाउलीने कल्पिलेला, गणित फर्मीचं, आणि इतके न्यूट्रिनो एका जागी मिळाले तेही फर्मीने शिकागोत रचलेल्या ढिगाच्या मोठ्या भावंडातूनच.